बडोद्याची ग्रंथालये : पैसा आधी की माणूस आधी?

गावात वाचनालय काढावयाचे म्हटले की पहिली सभा पैशांवर बोलते. वर्गणी किती, सरकार किती देणार, नगरपालिका जागा देईल काय, याच गोष्टींवर रात्रीचे अकरा वाजतात. पुस्तके जमा झाल्यावर ती लावणार कोण आणि वाचकांस देणार कोण, हा प्रश्न सभा आटोपताना कोणी तरी विचारतो, आणि 'एखादा होतकरू मुलगा बघू' असे म्हणून लोक उठतात. ही आमच्याकडची रीत आजची नाही. म्हणूनच एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी हे दोन्ही प्रश्न एकदमच कसे हाती घेतले, त्याचा इतिहास श्रोत्यांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या राज्यास लागू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या पोराच्या हाती पुढे पुस्तकच आले नाही, तर चार-पाच वर्षांत तो अक्षरे विसरतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. ग्रंथालय त्यांच्या दृष्टीने शाळेचाच पुढला वर्ग होता. चरोतराकडील मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळाच्या द्वारे खेड्यापाड्यांत वाचनालये काढण्यास आधीच आरंभ केला होता. म्हणजे जमीन अगदीच पडीक नव्हती. बी टाकणारे हात तेथे होते. राजाने काय केले ते सांगताना या शिक्षकाचे नाव गाळले तर इतिहास एकांगी होईल.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस त्यांनी बोलावून घेतले, आणि 1910 मध्ये बोर्डनसाहेब बडोद्यास आले. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खाजगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, बोर्डननी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील या विषयाचा हाच पहिला वर्ग. लाहोरास डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात असा वर्ग काढला तो 1915 मध्ये, आणि मद्रासेत रंगनाथनांच्या प्रेरणेने शिक्षण सुरू झाले ते 1929 मध्ये.

त्या वर्गात काय शिकवीत? वर्गीकरण, तालिका, पुस्तकाची नोंद, देवघेव. वर्गीकरणासाठी बोर्डननी ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यापुरती एक निराळी पद्धत बसविली. ही कामे कोणासही कंटाळवाणी वाटतील. पण एखाद्या शेतकऱ्याने विहिरीवरचे पुस्तक मागितले आणि ते कपाटात असूनही सापडले नाही, तर ते पुस्तक नसल्यासारखेच होय. हे ओळखणारा माणूस तयार करणे हे त्या वर्गाचे खरे काम होते.

आता पैशाकडे वळू. बडोद्याची अनुदानाची योजना इतकी सोपी होती की ती बोटांवर सांगता येते. गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी, आणि तितकीच दरबाराने. खेड्यास वर्षाकाठी शंभर रुपयांपर्यंत, कसब्यास तीनशेपर्यंत, प्रांताच्या मुख्य गावास सातशेपर्यंत ही मर्यादा होती. इमारतीसही हाच तीन वाट्यांचा हिशेब. ज्या गावाने शंभर जमविले त्याच्या पदरात तीनशे पडत. पण ज्याने काहीच जमविले नाही त्यास दरबारकडून अनुदानही नाही. या अटीत एक शहाणपण होते: पै-पैसा दिलेला मनुष्य वाचनालयाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारल्याशिवाय राहत नाही. त्याचबरोबर एक कठोरपणाही होता, आणि तो आम्ही झाकणार नाही. दुष्काळाने गांजलेल्या गावास शंभर रुपये कोठून आणावयाचे? ज्यांना पुस्तकाची सर्वांत अधिक गरज, त्यांचीच वर्गणी सर्वांत कमी, हे तीन वाट्यांच्या गणितात बसत नाही.

बडोद्याने यावर काढलेली तोड म्हणजे फिरती ग्रंथालये. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवीत. गावातील एखाद्या जबाबदार माणसाने त्या उतरवून घ्यावयाच्या, पुस्तके वाचावयास द्यावयाची, आणि मुदत भरली की पेटी परत करावयाची. त्याबद्दल गावाकडून काही घेत नसत. वाहतुकीचा खर्चही खाते सोशी. ज्या गावाला स्वतःचे वाचनालय झेपत नसे, तेथेही निदान पेटी जाई. ही पेटी उघडणारा बहुधा शाळेचा मास्तरच असे.

1912 पासून बडोद्याहून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीतही मजकूर असे, याची आठवण आज आमच्या ग्रंथालयवाल्यांस तरी किती आहे, देव जाणे! बोर्डन 1913 मध्ये परत गेले. त्यांच्या जागी परका साहेब न आणता महाराजांनी जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थास खात्याचा कारभार दिला. या चळवळीची हकीकत कुडाळकरांनी 1919 मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने लिहून ठेवली. त्यांच्या मागून न्यूटन मोहन दत्त आले. साहेब गेला तरी खाते मोडले नाही, कारण काम जाणणारी माणसे मागे होती.

आमच्या मुंबई इलाख्यात वाचनालये बडोद्याहून किती तरी जुनी. रत्नागिरीचे 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये आणि मुंबईचे 1898 मध्ये निघाले. परंतु या संस्था ज्याने त्याने आपल्या हिमतीवर चालविल्या. त्यांस जोडणारा धागा नव्हता. फैझी समितीने 1940 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड आखून दिली, पण पैशावाचून ती बरीचशी कागदावर राहिली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला. देशातला तो पहिला. मद्रासने 1948 च्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालयकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा 1967 मध्ये झाला, त्यात कर नाही. शासनाच्या निधीतून अनुदान द्यावयाचे आणि वाचनालयांच्या अ, ब, क, ड अशा पायऱ्या लावावयाच्या. पुढे 1972 मध्ये कलकत्त्यास राजा राममोहन राय प्रतिष्ठान निघाले, आणि राज्याने काही द्यावे, त्यास जोड म्हणून प्रतिष्ठानाने द्यावे, या त्याच्या योजनेत बडोद्याचा जुना हिशेब पुन्हा दिसला.

आम्ही एका लहान वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर बरीच वर्षे आहोत. एका वर्षी तपासणीस अधिकारी आले. पुस्तके होती, वाचक होते, जमाखर्चही चोख होता. त्यांनी दाखलनोंदवही मागितली. ती अर्ध्यावर तुटलेली. मधली तीन वर्षे नोंदच नाही. पुस्तके नेऊन परत न आणणाऱ्यांची यादी एका जुन्या पंचांगाच्या मागल्या पानावर होती. त्या वर्षी आमचे अनुदान अडकले, आणि मंडळाच्या बैठकीत सरकारला यथास्थित शिव्या देण्यात आल्या. दोष अर्थात आमचाच होता. आमचा ग्रंथपाल प्रामाणिक मनुष्य. पण त्यास हे काम कोणी शिकविले नव्हते, आणि शिकण्यास पाठविण्याचा खर्च मंडळाने दोनदा नामंजूर केला होता.

जिल्हा ग्रंथालय संघ सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग चालवितात आणि ग्रंथालय संचालनालय परीक्षा घेते. त्यानंतरच्या वर्षी आम्ही फी भरून गावातीलच एका मुलीस तेथे पाठविले. ती परत आल्यावर तिने पहिले काय केले असेल, तर वर्गणीच्या पैशांतून जाड बांधणीची एक वही मागितली आणि चार महिने बसून जुन्या पुस्तकांच्या नोंदी नव्याने केल्या. तेव्हा असे कळून आले की आमच्याकडे एकाच कादंबरीच्या नऊ प्रती आहेत, आणि शेतीवरचे पुस्तक एकही नाही.