पाळीव टॅरंटुला कोळ्याला खायला काय द्यावे आणि काय देऊ नये?

काचेच्या पेटीत ताटलीएवढा कोळी, त्याच्यासमोर सोडलेला जिवंत उंदीर आणि क्षणात घातलेली झडप. असे व्हिडिओ सोशल मीडियावर झपाट्याने पसरतात. ते पाहून अनेकांची समजूत होते की मोठ्या टॅरंटुलाचे रोजचे जेवण म्हणजे उंदीर किंवा पक्ष्याचे पिल्लू. प्रत्यक्षात पाळीव टॅरंटुला उपाशी राहून मरण्यापेक्षा चुकीच्या खाण्याने किंवा चुकीच्या वेळी दिलेल्या खाण्याने दगावण्याचा धोका जास्त असतो. म्हणून त्याला काय, किती आणि कधी द्यायचे हे समजून घेणे गरजेचे आहे.

‘पक्षी खाणारा कोळी’ हे नाव कुठून आले?

वजनाच्या हिशेबात जगातला सर्वांत मोठा कोळी म्हणून गोलायथ बर्डईटर ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय नाव थेराफोसा ब्लाँडी. व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या दमट जंगलांत तो बिळात राहतो. त्याचे वजन साधारण १७० ग्रॅमपर्यंत जाते आणि पाय पसरले की त्याची रुंदी २८ सेंटीमीटरच्या आसपास भरते.

‘बर्डईटर’ या नावामागे एक चित्र आहे. जर्मनीत जन्मलेल्या चित्रकार आणि कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन १६९९ ते १७०१ या काळात सुरिनाममध्ये होत्या. १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हमिंगबर्ड खाणारा एक कोळी रंगवलेला होता. तेव्हापासून अशा मोठ्या कोळ्यांना पक्षी खाणारे म्हणण्याची प्रथा पडली. पक्षी मात्र त्यांना क्वचितच मिळतो. गोलायथचे जंगलातले मुख्य खाणे म्हणजे गांडुळे आणि मोठे कीटक. कधीतरी एखादा बेडूक किंवा छोटा प्राणीही तो पकडतो.

टॅरंटुला खातो कसा?

टॅरंटुला भक्ष्य गिळत नाही. तो सुळ्यांनी विष टोचतो, भक्ष्य चुरगाळतो आणि त्यावर पाचक रस सोडतो. त्यामुळे मऊ भाग विरघळतो आणि तो रस कोळी शोषून घेतो. मागे उरतो तो कठीण कवचाचा एक छोटा ओला गोळा.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. भक्ष्याच्या अंगात जे काही असेल, मग ते पोषण असो की कीटकनाशक, ते थेट कोळ्याच्या पोटात जाते. आणि उरलेला गोळा पेटीत तसाच राहिला, तर दमट मातीत त्याला बुरशी लागते आणि बारीक किडे होतात.

कोणते खाद्य योग्य?

* रातकिडे : सर्वांत सोयीचे खाद्य. त्यांची हालचाल पाहून कोळी लगेच सावध होतो. मात्र रातकिडे चावतात, म्हणून न खाल्लेला रातकिडा पेटीत सोडून ठेवू नये.
* खाद्यासाठी वाढवलेली झुरळे : परदेशात दुबिया जातीची झुरळे यासाठी मोठ्या प्रमाणावर वाढवली जातात. ती मांसल असतात आणि गुळगुळीत काचेवर चढू शकत नाहीत. पण ती मातीत दडी मारतात, म्हणून चिमट्यात धरून कोळ्यासमोर दिलेली बरी.
* सुपरवर्म आणि मीलवर्म : पक्षी आणि मासे पाळणाऱ्यांच्या दुकानांत या अळ्या मिळतात. सुपरवर्मचा जबडा मजबूत असतो आणि तो मातीत घुसतो. त्यामुळे देण्यापूर्वी त्याचे डोके चिमट्याने चेपतात. मीलवर्म लहान असल्याने पिल्लांसाठी ठीक.
* गांडुळे : गोलायथसारख्या जमिनीवरच्या कोळ्यांसाठी उत्तम. मात्र गांडूळखतासाठी वापरली जाणारी लाल गांडुळे डिवचल्यावर उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडतात. ती टाळावीत. खत किंवा औषध मारलेल्या बागेतली गांडुळेही नकोत.

एकाच प्रकारच्या किड्यांवर विसंबण्यापेक्षा आलटून-पालटून दोन-तीन प्रकार दिलेले चांगले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किडे स्वतः पोसलेले असावेत. दुकानातून आणलेले रातकिडे बहुतेक वेळा उपाशीच असतात. त्यांना एक-दोन दिवस ओट्स, स्वच्छ धुतलेले गाजर, भोपळा असे खायला दिले की त्यांचे पोषण पुढे कोळ्याला मिळते.

सरड्यांसाठी किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवतात. टॅरंटुलाला तिची गरज नसते. त्याला हाडे नाहीत आणि त्याचे कवच कायटिन व प्रथिनांचे बनलेले असते.

किती मोठे, किती वेळा?

साधा नियम असा : भक्ष्य कोळ्याच्या पोटाच्या आकारापेक्षा मोठे नसावे. पूर्ण वाढलेल्या मोठ्या टॅरंटुलाला सात ते चौदा दिवसांतून एकदा, एक-दोन मोठी झुरळे किंवा तीन-चार रातकिडे पुरतात. वाढत्या पिल्लांना आठवड्यातून दोनदा द्यावे लागते. अगदी लहान पिल्लांना मेलेल्या किड्याचा तुकडाही चालतो.

घड्याळापेक्षा पोटाकडे पाहणे अधिक खात्रीचे. डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागापेक्षा पोट थोडे मोठे असेल तर ठीक. ते दीडपटीहून फुगले, जमिनीवर घासू लागले, तर खाणे थांबवावे. पोटाची कातडी पातळ असते. गच्च भरलेल्या पोटाचा जड कोळी काचेवर चढून थोड्या उंचीवरून पडला, तरी पोट फुटून जीव जाऊ शकतो. उलट पोट सुरकुतलेले दिसले तर आधी पाण्याची वाटी तपासावी. उथळ वाटीत स्वच्छ पाणी नेहमीच हवे.

या गोष्टी टाळाव्यात

घरातली झुरळे आणि बाहेरचे किडे. फुकट मिळतात म्हणून हे देण्याचा मोह होतो. पण शहरातल्या झुरळाने पेस्ट कंट्रोलचे जेल चाटलेले असू शकते आणि शेतातल्या नाकतोड्यावर फवारणी झालेली असू शकते. किड्यांना मारणारे हे औषध कोळ्यालाही मारते. कोळी झटके देत, तोल जात चालू लागला तर कीटकनाशकाची बाधा हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. डासांसाठीची धूरफवारणी, मच्छर कॉइल, कुत्र्या-मांजरांना पिसवांसाठी लावलेले औषध यांपासूनही पेटी लांब ठेवावी. असे औषध हाताळलेल्या हातांनी कोळ्याचे खाद्य देऊ नये.

लढणारे आणि विषारी जीव. घोण, विंचू, दुसरे कोळी, गांधीलमाशी, मॅन्टिस हे उलट हल्ला करू शकतात. काजवे आणि भडक रंगाचे किडे यांच्या अंगात बऱ्याचदा विषारी द्रव्ये असतात.

उंदीर, पाली, पक्ष्यांची पिल्ले. गोलायथ त्यांना मारू शकतो, पण त्यांची त्याला गरज नाही. जिवंत उंदीर चावून कोळ्याचा पाय किंवा पोट फाडू शकतो. मेलेल्या उंदराचे अवशेष दमट पेटीत लवकर सडतात. कॅमेऱ्यासाठी एका प्राण्याला हाल करून मारायचे आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा, यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

तोंडातले जंत

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२२ मध्ये टॅरंटुलाच्या तोंडाभोवती राहणाऱ्या एका नव्या सूत्रकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. कोळ्यांवरच्या ‘अरॅक्नोफोबिया’ या चित्रपटातील अभिनेते जेफ डॅनियल्स यांच्यावरून त्याचे नाव टॅरंटोबेलस जेफडॅनिएल्सी ठेवले गेले. या जंतांची लागण झालेल्या कोळ्याला सुळे नीट हलवता येत नाहीत आणि तो हळूहळू उपासमारीने मरतो. टॅरंटुला एरवीही कमी खातो, त्यामुळे हे लक्षात यायला महिने लागतात. तोंडापाशी पांढरट चिकट थर दिसणे आणि खाणे सुटणे ही धोक्याची खूण आहे. असा कोळी लगेच वेगळा ठेवावा आणि त्याचा चिमटा, वाटी किंवा उरलेला किडा दुसऱ्या पेटीत नेऊ नये.

खाणे सोडले म्हणजे आजारीच का?

नाही. बहुतेक वेळा कारण असते कात टाकणे. त्याआधी कोळी खाणे बंद करतो, पोट गडद आणि चकचकीत दिसते, काही जण जमिनीवर जाळ्याची चादर विणतात. मग कोळी चक्क पाठीवर उलटा पडतो. मेला असे समजून काही जण त्याला हलवतात किंवा टाकून देतात. पाठीवर पडलेला कोळी बहुधा कात टाकत असतो, त्याला हात लावू नये. मेलेल्या कोळ्याचे पाय सहसा पोटाखाली आकसलेले असतात.

कात टाकताना आणि त्यानंतर काही दिवस त्याचे अंग आणि सुळे मऊ असतात. अशा वेळी पेटीत राहिलेला एक रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारू शकतो. म्हणून न खाल्लेले भक्ष्य २४ तासांच्या आत बाहेर काढावे. कात टाकल्यावर पिल्लांना चार-पाच दिवसांनी आणि मोठ्यांना दहा-चौदा दिवसांनी, सुळे पुन्हा काळे झालेले दिसल्यावरच खायला द्यावे.

चिलीचा रोझ हेअर टॅरंटुला तर कात नसतानाही कित्येक महिने उपवास करतो. वयात आलेले नरही कमी खातात. पोट भरलेले असेल आणि पाणी उपलब्ध असेल, तर वाट पाहणे हाच उपाय.

देताना घ्यायची काळजी

हाताने कधीही भरवू नये. गोलायथचे सुळे दोन सेंटीमीटरहून लांब असतात. लांब चिमटा वापरावा आणि त्याची टोके बोथट असावीत, कारण धातूच्या टोकावर झडप घालताना सुळा मोडू शकतो. हा कोळी पोटावरचे काटेरी केस मागच्या पायांनी उडवतो. ते डोळ्यांत गेल्यास गंभीर त्रास होतो, म्हणून पेटीवर तोंड आणून पाहू नये.

भारतात पाळायचा असेल तर

सह्याद्रीत आढळणाऱ्या पोइसिलोथेरिया वंशाच्या कोळ्यांसह अनेक टॅरंटुला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या यादीतील प्राणी बाळगताना नोंदणी बंधनकारक आहे. जंगलातला कोळी पकडून आणणे तर टाळायलाच हवे. मादी टॅरंटुला वीस वर्षांच्या आसपास जगू शकते. तेवढी वर्षे दर आठवड्याला स्वच्छ, खात्रीचे किडे कुठून आणायचे, याचे उत्तर तिला घरी आणण्याआधीच तयार असावे.