स्वामी

रणजित देसाई (१९२८–१९९२) यांची १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी ऐतिहासिक कादंबरी. थोरले माधवराव पेशवे यांची कारकीर्द आणि पत्नी रमाबाई यांच्याशी असलेले त्यांचे नाते हा तिचा विषय असून तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पार्श्वभूमी : १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला. मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ही वार्ता वाटेतच एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात पडलेले वीर मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेत, म्हणजे हिशेबाच्या शब्दांत, मोजलेले होते. नानासाहेब २३ जून रोजी पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाई आली, तेव्हा दौलतीवर कर्जाचा बोजा होता, घराघरांत सुतक होते आणि सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पतीच्या परतीची आस धरून होत्या. त्या आशेचा लाभ पुढे एका तोतयाने (दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणाऱ्याने) घेतला.

कथानक : चुलते रघुनाथराव यांच्याशी आळेगाव (१७६२) व धोडप (१७६८) येथे झालेला संघर्ष, निजामावरील राक्षसभुवनचा विजय (१७६३), मातोश्री गोपिकाबाईंशी आलेला दुरावा आणि राजयक्ष्मा (क्षयरोग) हे तिचे प्रमुख टप्पे होत. मोहिमांमुळे पतिपत्नींच्या वाट्याला सहवास थोडाच येतो, आणि तो लाभतो तोही बहुतांशी आजारपणात. मृत्यूपूर्वी माधवरावांनी करून ठेवलेल्या कलमवार यादीत कर्जफेडीची निकड नोंदलेली आहे. पानिपताचे देणे त्यांच्या अंथरुणापर्यंत पोचले होते, याचा हा सर्वांत बोलका कागद होय.

मूल्यमापन : रघुनाथरावांच्या हेतूंविषयी इतिहासकारांत एकमत नाही. रमाबाईंच्या सहगमनाला (सती जाण्याला) दिलेला उदात्त रंग आजच्या वाचकाला सहज पटण्याजोगा नाही; तथापि पराभवाचा घाव रणांगणावर न दाखवता तो संसारात कसा झिरपतो हे दाखवणे, हेच या कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे.

रूपांतर : दूरदर्शन मालिका (१९८७), दिग्दर्शक गजानन जागीरदार.

माधवरावांचे निधन १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात झाले. रमाबाईंचे स्मारक तेथेच नदीकाठी आहे.