कोड्यांचे राज्य

श्रोतेहो, आरंभीच आपणांस एक कोडे घालतो. एक शब्द आहे. पुराणांत तो अनेकदा येतो आणि आजही आपल्या घरोघरी उच्चारला जातो. मात्र आज ज्या अर्थाने आपण तो वापरतो, त्या अर्थाची रुजवण म्हैसूर शहरात, एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाच्या राहत्या घरी झाली. तो शब्द कोणता? उत्तर मी शेवटी सांगेन. तोवर आपण त्या शहरातून एक फेरफटका मारू. कारण कोड्यांशी त्याचे नाते फार जुने आहे.

कोडे तर त्याच्या नावापासूनच सुरू होते. मराठी माणूस 'म्हैसूर' म्हणतो तेव्हा त्यात त्याला म्हैस ऐकू येते, आणि नवल असे की हा कानाचा भ्रम नव्हे. आपली म्हैस संस्कृत 'महिषी'पासून आली आणि त्या नगरीचे नाव महिषापासून. चामुंडेश्वरीने ज्या महिषासुराचा वध केला त्याची ती नगरी, अशी कथा आहे. २०१४ सालापासून सरकारी दप्तरी नाव 'मैसूरु' झाले. पण मराठीने आपला 'म्ह' काही सोडलेला नाही. सिंहलद्वीपातील 'महावंस' या पाली ग्रंथात सम्राट अशोकाच्या काळी कोणता स्थविर कोणत्या देशी धर्मप्रसारासाठी गेला याची यादी आहे. तीत महिषमंडलाचे नाव आहे, आणि त्याच यादीत 'महारट्ठ' म्हणजे महाराष्ट्रही आहे. महिषमंडल म्हणजे म्हैसूरचाच प्रदेश असे पुष्कळांचे मत आहे, काहींचे नाही. ते खरे धरले, तर या दोन शेजाऱ्यांची नावे एका कागदावर येऊन दीड हजार वर्षे उलटली आहेत.

शेजाऱ्यांचे साम्य घरातही दिसते. जुन्या मराठीत 'उखाणा' म्हणजे कोडे. पुढे नवविवाहितेने पतीचे नाव ज्या यमकात गुंफून घ्यावयाचे त्यालाही आपण उखाणाच म्हणू लागलो. आणि ते योग्यच झाले, कारण नाव आधी लपवावयाचे आणि मग अचूक क्षणी प्रकट करावयाचे, हेच तर कोड्याचे मर्म आहे. कन्नडमध्ये 'ओडपु' या शब्दाचा प्रवास नेमका असाच आहे. ओडपु म्हणजे कोडे आणि ओडपु म्हणजे नाव घेणेही. संतांच्या अंगणातही हीच गोष्ट. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या नावावर कूट अभंग आहेत, नाथांची रूपकात्मक भारुडे आहेत. तिकडे सोळाव्या शतकातील कनकदासांची 'मुंडिगे' म्हणून ओळखली जाणारी गूढ पदे आहेत. सांगावयाचे ते उलगडून न सांगता ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर सोपवावयाचे, ही दोन्हीकडची रीत.

आता एका वर्षाकडे वळू. १७९४. या वर्षी मोरोपंत निवर्तले. पंतांनी शंभरावर रामायणे रचली, आणि त्यांतील कित्येक अक्षरांची कोडीच आहेत. निरोष्ठ रामायणात ओठ मिटावे लागतील असे एकही अक्षर नाही. मंत्ररामायणात तेरा अक्षरांचा राममंत्र ओवलेला आहे. पंत गेले ते चैत्रात. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात म्हैसूरच्या राजघराण्यात एक मूल जन्मास आले, ज्याने पुढे अक्षरे, अंक आणि सोंगट्या यांचा असाच संसार मांडला. हे मुम्मडी कृष्णराज वाडियार. 'मुम्मडी' हा किताब नव्हे बरे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ तिसरा.

या राजाचे चरित्र हेच एक अवघड कोडे आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या या मुलास गादीवर बसविले. कारभार दिवाण पूर्णय्यांनी पाहिला. राजा वयात आला, राज्य हाती आले; पण नगर प्रांतात शेतकऱ्यांचे बंड झाले आणि १८३१ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकने राज्यकारभार काढून घेतला. त्या वेळी महाराजांचे वय सदतीस होते. १८६८ साली ते वारले, म्हणजे पुढली छत्तीस वर्षांहून अधिक वर्षे त्यांनी राजवाड्यात राजा म्हणून काढली, पण राज्यावाचून.

या काळात त्यांनी काय केले? अर्ज केले, विनंत्या केल्या, राज्य परत मागितले. आणि त्याबरोबरच पंडित व चित्रकार जमवून 'श्रीतत्त्वनिधि' हा नऊ निधींचा प्रचंड सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. शक्ती, विष्णू, शिव, ब्रह्म, ग्रह असे एकेक निधी ओलांडीत आपण अखेरच्या निधीपाशी येतो. त्याचे नाव कौतुकनिधि. त्यात खेळ आहेत! देवदेवतांच्या मूर्तिविज्ञानाच्या पंक्तीस पट आणि पत्ते मानाने बसलेले आहेत. हा ग्रंथ पुढे देवनागरी लिपीत छापून काढला तो मुंबईच्या खेमराज श्रीकृष्णदास यांच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

महाराजांचा विशेष लोभ होता तो बुद्धिबळातील घोड्यावर. घोड्याची अडीच घरांची चाल आपणांस ठाऊकच आहे. प्रश्न असा: पटावरील चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घरात एकदाच, आणि एकदाच, पाय ठेवीत घोड्याने सगळा पट कसा हिंडावा? महाराजांनी असे कित्येक मार्ग स्वतः रचले. युरोपात या प्रश्नाचा गणिती अभ्यास थोर गणितज्ञ ऑयलर याने १७५९ साली मांडला. पण आपल्याकडे हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी काव्यात शिरलेला होता. नवव्या शतकात काश्मिरी पंडित रुद्रट याने 'काव्यालंकारा'त तुरगपदबंध दिला आहे. त्याची रचना पाहा. अनुष्टुभ् छंदाचे चरण चार आणि प्रत्येक चरणात अक्षरे आठ, म्हणजे बत्तीस. अर्ध्या पटाच्या ओळी चार आणि प्रत्येक ओळीत घरे आठ, म्हणजे तीही बत्तीस. घराघरांत एकेक अक्षर लिहावे. सरळ वाचले तर श्लोक. घोड्याच्या चालीने वाचले तरी तोच श्लोक! पुढे वेदान्तदेशिकांनी 'पादुकासहस्रा'त त्याहून पुढची मजल गाठली. त्यांचा एक श्लोक सरळ वाचावा आणि मग घोड्याच्या चालीने वाचावा, तर त्यातून दुसराच अर्थपूर्ण श्लोक निघतो. श्रीरंगमवर आक्रमण झाले तेव्हा हे आचार्य म्हैसूरच्या बाजूस आश्रयाला येऊन राहिले होते, असे परंपरा सांगते.

या परंपरेत आपल्या मराठी माणसांचा हात किती, असे आपण विचाराल. तो बराच आहे. मूळचे पैठणचे आणि काशीस जाऊन स्थिरावलेले जे भट्ट घराणे, त्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा ग्रंथ रचला. त्याच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे विवेचन आहे आणि घोड्याच्या भ्रमणाचे मार्ग श्लोकांत बांधून दिलेले आहेत. ऑयलरच्या आधी सुमारे शतकभराची ही गोष्ट! याच ग्रंथाचा दुसरा भाग 'व्यवहारमयूख'. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत तो हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ मानला जाई. बुद्धिबळाच्या कोड्यांचे शंभरांवर डाव सांगणारे त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे पुस्तक मूळ संस्कृतावरून इंग्रजीत उतरून मुंबईत १८१४ साली छापले गेले, आणि औरंगाबादचे ज्योतिर्विद हरिकृष्ण यांनी १८७१ च्या सुमारास 'क्रीडाकौशल्य' लिहून त्यात हे भ्रमण दिले.

'व्यवहारमयूखा'चे नाव मी उगाच घेतले नाही. त्यात दत्तकाचाही विचार आहे, आणि म्हैसूरच्या महाराजांपुढील खरे कोडे दत्तकाचेच होते. त्यांना औरस वारस नव्हता. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ साली आपले साताऱ्याचे राज्य खालसा केले. १८५४ साली नागपूरची तीच गत झाली. म्हैसूरवर तर इंग्रजी अंमल आधीच बसलेला होता. महाराजांनी डोळे मिटावे इतकाच अवकाश होता. परंतु त्यांनी हार मानली नाही. १८६५ साली त्यांनी चामराजेंद्रास दत्तक घेतले, १८६७ साली सरकारने ते मान्य केले, आणि १८८१ साली राज्य वाडियार घराण्याकडे परत आले. ते पाहावयास महाराज नव्हते.

ज्याचे राज्य गेले त्याने सोंगट्या हलवीत बसावे, याला त्या काळच्या काही इंग्रजांनी निव्वळ उधळपट्टी आणि आळस म्हटले असेल. आपल्यालाही क्षणभर तसे वाटेल. पण जरा विचार करा. पंडिताने श्लोक द्यावा, गणकाने अंक मांडावेत, चिताऱ्याने पट रंगवावा, आणि मध्ये राजाने बसून 'आता हे सोडवा' म्हणावे, या संवादात जी विद्या टिकली ती कोणत्याही तहाने खालसा करता येण्यासारखी नव्हती. दशावतारी गंजिफा आपल्या सावंतवाडीस आजही रंगविल्या जातात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एकशेवीस. म्हैसूरच्या महाराजांनी 'छद' या नावाने तोच खेळ वाढवीत नेला, तो तीनशे साठ पानांपर्यंत! इतकी पाने हातात धरून खेळणारा गडी सापडणे कठीणच. पण चित्रकारांच्या पिढ्यांना काम आणि वळण मिळाले, आणि म्हैसूर गंजिफेचे नाव राहिले.

घोड्याचे कोडे तर अगदी आपल्या काळापर्यंत चालत आले. घरांना भ्रमणाच्या क्रमाने एक ते चौसष्ट अंक दिले, तर त्यांची एकंदर बेरीज दोन हजार ऐंशी होते, आणि आठ ओळींत ती समान वाटली तर प्रत्येक ओळीस दोनशे साठ येतात. आडव्या व उभ्या सर्व ओळींत दोनशे साठ भरतील असे भ्रमण रचता येते. मग दोन्ही कर्णांतही तेवढेच भरतील काय? दीडशे वर्षे लोक हे शोधीत होते. २००३ साली अनेक संगणकांनी मिळून एकसष्ट दिवस शोध घेतला आणि निर्णय दिला, की तसे भ्रमण चौसष्ट घरांत होऊच शकत नाही. काही कोड्यांचे उत्तर 'नाही' असते; पण ते 'नाही' मिळविण्यासाठीही माणसाला सारा पट हिंडावा लागतो.

आता आरंभीच्या कोड्याचे ऋण फेडतो. १९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 'विठ्ठल विहार' या आपल्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. देशाच्या नभोवाणीस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले ते १९३६ साली. म्हैसूरच्या त्या केंद्राचे नाव त्याहून एक वर्ष थोरले आहे. १९५७ साली ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने आपलेसे केले. कंसाला ज्या वाणीने त्याचे भविष्य सांगितले, जिचा बोलणारा दिसला नाही पण शब्द मात्र खरा ठरला, तिचेच हे नाव. श्रोतेहो, बोलणारा आपणांस आताही दिसत नाही. पण उत्तर आपण केव्हाच ओळखले असेल: आकाशवाणी.