रविवारची टेकडी

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचा विषय निघाला. एकाने लिहिलं, "शहरात दोनशे एकरांवर मोकळी जमीन, आणि ती कशासाठी, तर चार हौशी लोकांना उडता यावं म्हणून? परवडतं का हे पुण्याला?" त्यावर धडाधड अंगठे पडले. मी त्या चार हौशी लोकांपैकी एक होतो, त्यामुळे तिथे गप्प बसलो. इथे लिहितो, कारण प्रश्न रास्त आहे, आणि चांगला सव्वाशे वर्षं जुना आहे.

बर्लिनमध्ये ओटो लिलिएंथाल नावाचा इंजिनिअर होता. बॉयलर आणि वाफेची छोटी इंजिनं बनवण्याचा त्याचा कारखाना. माणूस वल्लीच. १८९० मध्ये त्याने कामगारांना नफ्यातला पाव हिस्सा द्यायला सुरुवात केली. नाटकाचा नाद इतका की स्वतः एक लिहूनही काढलं. पण जीव अडकलेला पक्ष्यांत. लहानपणी आंक्लाम गावात भावाबरोबर करकोचे बघायचा, ते वेड शहरात येऊनही सुटलं नाही. १८८९ मध्ये त्याने पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक छापलं आणि १८९१ पासून लवचिक काठ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले पंख घेऊन उतारावरून उड्या मारायला लागला. हे सगळं कारखाना सांभाळून, उरलेल्या वेळात.

अडचण एकच. उडायला उतार लागतो आणि बर्लिन पडलं सपाट. कधी गावाबाहेरचा एखादा उंचवटा, कधी उपनगरातली टेकाडं असं दोन-तीन वर्षं चाललं. शेवटी १८९४ मध्ये लिश्टरफेल्ड भागात त्याने स्वतःची टेकडीच रचून घेतली. शेजारी वीटभट्टी होती, तिथे खोदून निघालेली टाकाऊ माती वापरली. १५ मीटर उंच, शंकूसारखी, म्हणजे वारा कुठूनही येवो, त्याच्या तोंडावर पळत सुटता यावं. माथ्यावर पंख ठेवायची खोली. शहर वाढायला विटा लागत होत्या, विटांसाठी खड्डा पडत होता, आणि त्या खड्ड्याच्या मातीवरून हा गडी उडत होता. मला हे फार आवडतं.

जास्त लांब जायचं तर मात्र बर्लिन सोडून र्‍हिनोच्या टेकड्यांकडे जावं लागे. तिथे तो अडीचशे मीटरपर्यंत तरंगत गेला. सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास उड्डाणं त्याच्या नावावर आहेत. ९ ऑगस्ट १८९६, रविवार. त्याच टेकड्यांवर वार्‍याच्या झोताने ग्लायडर नाक वर करून थबकलं आणि कोसळलं. पाठीचा कणा मोडला. रेल्वेने बर्लिनला आणलं, दुसर्‍या दिवशी गेला. वय ४८. ही बातमी अमेरिकेत ओहायोतल्या सायकलीचं दुकान चालवणार्‍या दोघा भावांनी वाचली आणि राइट बंधूंच्या डोक्यात उड्डाणाचा किडा पुन्हा वळवळला.

पुढचं थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानांवर बंधनं आली. मग १९२० मध्ये फ्रँकफर्टच्या ओस्कार उर्सिनस या संपादकाच्या हाकेला ओ देऊन पोरं वासरकुप्पे डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन जमली. त्यात शहरातल्या तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी पुष्कळ. १९२२ मध्ये हॅनोवरच्या विद्यार्थ्यांचं ग्लायडर तीन तास हवेत राहिलं. (याच हौसेचा १९३३ नंतर नाझींनी वैमानिक घडवायला वापर करून घेतला. ते लपवायचं कारण नाही.) पुढे थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, वापरण्याचं तंत्र कळलं आणि डोंगराची गरज संपली. सपाट मैदान, ग्लायडर ओढायला एक विंच, वर ऊन, बस.

हे आपल्याला फायद्याचंच होतं, उन्हाची आपल्याकडे कमी नाही! स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच सरकारने ग्लायडिंगला हात दिला. हडपसरचं केंद्र त्याच काळातलं. ग्लायडरही देशात बनले, नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने आराखडे केले. नावं अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष... पंचांग उघडून ठेवल्याची दिसतात.

मी कॉलेजात असताना पीएमटीने जायचो. विंचचं लॉंचिंग म्हणजे पतंगाला ढील देण्याच्या उलट काम: पलीकडच्या टोकाला ड्रम फिरतो, केबल गुंडाळली जाते आणि काही सेकंदांत पोटात गोळा येऊन आपण हजारएक फुटांवर. केबल सुटली की आवाज थांबतो, फक्त वारा. थर्मल नाही मिळालं तर पाच-सहा मिनिटांत खाली. त्या पाच-सहा मिनिटांसाठी अख्खा रविवार जायचा, कारण उरलेला वेळ दुसर्‍यांची ग्लायडरं ढकलण्यात. तिथे कंपनीतला फिटर आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच पंखाला खांदा लावायचे. थर्मल कुठे आहे हे सर घारी बघून सांगायचे. घार पंख न हलवता गोल फिरतेय ना, तिच्याखाली घुसा.

तेव्हा कुंपणाबाहेर बरीचशी शेतं होती. आता इमारती आहेत, ट्रॅफिक आहे. गंमत अशी की तापलेलं काँक्रीट शेतापेक्षा चांगलं थर्मल देतं. म्हणजे शहर जवळ येतं तशी हवा सुधारते आणि उतरायची जागा जाते. केबल तुटली तर समोर मोकळं मैदान लागतं, तिथे गच्ची चालत नाही. दोनशे एकर "मोकळे" दिसतात ते असे वापरात असतात. शिवाय वरची हवा लोहगावच्या विमानतळाबरोबर वाटून घ्यायची, ते वेगळंच.

ग्रुपवरच्या त्या मित्राला मी एवढंच म्हणेन: हिशेब जरूर माग. किती दिवस उडतात, किती पोरं शिकतात, फी कुणाला परवडते, सगळं विचार. मलाही ती उत्तरं हवी आहेत. ग्लायडर शेडमध्ये पडून राहणार असतील तर जमीन कशाला अडवली, हे विचारायचा हक्क तुला आहे. फक्त जमिनीचा भाव लावताना एक लक्षात ठेव. टॉवर दुसरीकडे उभा राहील. विंच लावायला एवढा लांब सपाट पट्टा पुण्याच्या हद्दीत पुन्हा कुठे काढणार?

लिलिएंथालची टेकडी अजून आहे. आता तिथे बाग आहे, १९३२ मध्ये माथ्यावर स्मारक बांधलं. मातीच्या खड्ड्याचं तळं झालंय. चारही बाजूंनी बर्लिन वाढत गेलं, कधीच पुढे निघून गेलं.

आमच्याकडेही लोक सकाळी सेंटरवर फिरायला जातात. मीही जातो. परवा घार फिरत होती, खाली कोणी नव्हतं.