टोपी बाजारातून चालताना



ग्वाल्हेरला जाणारे आपले लोक बहुधा किल्ला पाहतात आणि परत फिरतात. किल्ला पाहावाच, पण एक सकाळ खालच्या लष्करसाठी राखून ठेवा आणि पायी फिरा. या भागाचे नावच त्याची हकिकत सांगते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती बाजार भरले, पण ‘लष्कर’ हे नाव कायम राहिले.

सुरुवात टोपी बाजारापासून करावी. गल्ली गजबजलेली, कपड्यांची दुकाने, दुचाक्या, मधेच एखादी गाय. इथे नजर दुकानाच्या पाटीवर अडकते. ती थोडी वर न्यावी, कारण जुन्या बाजारांत जे पाहण्यासारखे असते ते पाटीच्या वर असते. हाकेच्या अंतरावर महाराज बाडा. हा ‘बाडा’ म्हणजे आपला वाडाच, हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी बदललेला. मध्ये शिंदे महाराजांचा पुतळा आणि भोवती टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट. गाईड इथे सात देशांच्या शैली मोजून दाखवतात. मला त्या मोजणीत फारसा रस नाही. एका मराठी दरबाराने हिंदी मुलखात, इंग्रजी अमलाखाली राहून, जगभरचे नमुने एका चौकात गोळा केले, हे मात्र नवलाचे वाटते.

बाड्यालगत गोरखी, शिंद्यांचा जुना राजवाडा. तिथल्या देवघरात दसऱ्याला आजही हे घराणे पूजेला येते. बीडचे सूफी संत मन्सूर शाह यांना महादजी शिंदे गुरू मानत, आणि तो मान घराण्याने पुढेही चालवला. मराठी सरदाराचे गुरू सूफी, आणि त्याच घराण्याचा सर्वांत मोठा महाल बांधणारा ख्रिस्ती!

त्याचे नाव सर मायकेल फिलोज. पूर्वज इटलीतल्या नेपल्सचे, धर्माने कॅथॉलिक. अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत राहिले. जाँ बातिस्त फिलोज तर दौलतरावांचे सेनापती होते. पुढे जयाजीरावांसाठी मायकेल फिलोज यांनी जयविलास महालाचा आराखडा केला. महाल १८७४ मध्ये पुरा झाला. इंग्लंडच्या युवराजाची भेट ठरली होती, तिची ती तयारी होती. सुमारे चारशे खोल्या, आणि दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे. ती टांगण्याआधी छत वजन पेलते की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले, असे सांगतात. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहून मुले हमखास खूश होतात.

शलमोनाने मंदिर बांधताना पितळेच्या कामासाठी सोर नगरातून हिराम नावाचा कारागीर बोलावला होता. त्याचा बाप सोरचा आणि आई इस्राएली. फिलोजविषयी वाचताना मला तोच आठवतो. दोघेही दोन मुलखांचे आणि दोघांच्याही हातचे काम दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाते.

लष्करच्या मानाने मुरारची तऱ्हा वेगळी. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूरची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी मुरारला छावणी ठेवली. म्हणून जुनी चर्चे पाहायची तर तिकडे जावे लागते. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले. गोरे सैनिक गेले, पण उपासना थांबली नाही. वाटेत फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये त्या इथेच पडल्या. तिथे घटकाभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या जुन्या इमारती राखायच्या कोणी, हा खरा प्रश्न आहे. २०१० मध्ये व्हिक्टोरिया मार्केटला आग लागली आणि आतली दुकाने जळाली. इमारतीची डागडुजी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे भूविज्ञान संग्रहालय उघडले. वास्तू वाचली याचा आनंदच आहे, पण बाजार गेला तो गेलाच. महालांना सरकार आणि राजघराणे असते. टोपी बाजार आणि सराफ्यातल्या माड्यांना मात्र फक्त खालचा दुकानदार असतो, आणि त्याला गळणाऱ्या छतापेक्षा नवे शटर स्वस्त पडते. त्याला दोष कोणी द्यावा?

नहेम्या रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन यरुशलेमेचा पडका तट पाहायला निघाला, ते आपण वाचले आहे. पण तिसरा अध्याय आपण बहुधा भराभर उलटतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. पुन्हा वाचा. तट बांधणाऱ्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत; आणि कित्येकांनी तर फक्त आपल्या घरासमोरचा तुकडा दुरुस्त केला आहे.