परकीयांस वास्तव्याची परवानगी : कांहीं जुने दाखले

परक्या देशांत राहूं इच्छिणाऱ्यास तेथील सत्तेकडे अर्ज करावा लागतो, नांव नोंदवावें लागतें, मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. हा सर्व खटाटोप अर्वाचीन पाश्चात्त्य राज्यपद्धतीनें उत्पन्न केला, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो साधार नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश होय.

प्रथम कौटिलीय अर्थशास्त्र पाहूं. इ. स. १९०९ त शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद असले, तरी त्यांतील ‘मुद्राध्यक्ष’ हा अधिकारी आमच्या विषयास अत्यंत उपयुक्त आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी. मुद्रा असेल त्यासच जनपदांत येण्याजाण्याची मोकळीक. विनामुद्र जानपदास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगणाऱ्या जानपदास पूर्वसाहस दंड, परंतु परदेशीयास त्याच अपराधाबद्दल उत्तमसाहस दंड सांगितला आहे. अपराध एक, दंड मात्र निराळा : परकीय ही कायद्यानें वेगळी मानलेली व्यक्ति होती, हें यावरून उघड होतें. नागरकाच्या प्रकरणांत तर घरीं आलेल्या व गेलेल्या पाहुण्याची वर्दी देण्याचा भार गृहस्थावरच टाकलेला आहे. मेगॅस्थेनीसच्या आधारें स्ट्रॅबोनें दिलेल्या पाटलिपुत्राच्या वर्णनांत पांच जणांचें एक मंडळ परकीयांची व्यवस्था पाही. त्यांस बिऱ्हाड देणें, त्यांच्यावर नजर ठेवणें, आजाऱ्याची शुश्रूषा करणें, मृताची उत्तरक्रिया करून त्याची मालमत्ता आप्तांकडे पोंचविणें, हीं त्याचीं कामें होत. पाळत व पालन दोन्ही एकाच हातीं होतीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आपल्याकडील दाखला. इ. स. १६६० त पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापुरच्या वखारवाल्या इंग्रजांनीं सिद्दी जौहरास तोफगोळ्यांचें साह्य केलें. व्यापारासाठीं राहिलेल्यानें युद्धांत पडावें, ही वास्तव्याच्या मर्यादेची पायमल्लीच होती. शिवछत्रपतींनीं इ. स. १६६१ त राजापुर घेऊन वखारवाल्यांस कैद केलें. त्यांची सुटका इ. स. १६६३ त झाली. तथापि इ. स. १६७४ त राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झिंडन रायगडीं आला, तेव्हां आयात मालावर शेंकडा अडीच जकातीच्या अटीवर त्याच टोपीकरांस वखारींची परवानगी मिळाली. म्हणजे अपराधास शिक्षा झाली, पण दार कायमचें लावलें गेलें नाहीं.

या अनुभवाचें सार रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत सांपडतें. टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हत. त्यांच्या पाठीशीं राजे आहेत. म्हणून वखारीस जागा देणें झाल्यास समुद्रतीरीं अगर खाडीमुखीं न देतां आंत द्यावी, बळकट इमारत बांधूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. वास्तव्य द्यावें, पण जागा, बांधकाम व वर्तन यांच्या अटींनीं बांधून द्यावें, असा हा विचार आहे.

पुढें काळाची गति विचित्र झाली. ज्यांनीं आमच्या दारीं परवाना मागितला, त्यांच्याच कंपनीच्या मुलखांत युरोपियनांस राहण्यास कंपनीचा परवाना लागूं लागला. इ. स. १८२३ त बकिंगहॅम या पत्रकाराचा परवाना काढून त्यास कलकत्त्याहून घालवून दिलें. इ. स. १८३३ च्या सनदेनें हें बंधन बव्हंशीं सैल केलें. विसाव्या शतकांत इ. स. १९३९ च्या नोंदणीच्या कायद्यानें व इ. स. १९४६ च्या परकीयांच्या कायद्यानें परकीयाची नोंद पुनः घट्ट झाली. हे दोन्ही कायदे इ. स. २०२५ च्या नव्या कायद्यानें रद्द झाले. नोंदीचें तत्त्व मात्र कायम आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. तह व सनदा आपण जपतों. परंतु कौल, दस्तक, राहदारीचे परवाने क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. वस्तुतः राजाच्या दारीं उभ्या राहिलेल्या सामान्य परक्या मनुष्याची गांठ अशाच चिटोऱ्यांत पडते. कोणास, किती दिवस, कोणत्या अटीवर राहूं दिलें, हें तेथेंच कळावयाचें. म्हणून असा कागद हातीं आल्यास त्याची नक्कल मजकुरापुरती न करतां शिक्का, मोर्तब व पाठीवरील शेरा यांसह करावी, आणि मूळ कागद दप्तरांतून वेगळा काढूं नये. दप्तराबाहेर पडलेला परवाना मुका होतो.