चंद्रावर उतरण्याची विद्या

मिरजेच्या कृष्णाघाटाला लागणारे पाणी वरच्या अंगाला कऱ्हाडच्या पुढे टेंभू गावावरून वाहत येते. टेंभू म्हटले की गोपाळ गणेश आगरकर आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावाचा, त्याच पिढीतला आणखी एक सुपुत्र आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली दूर कोचीनहून ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिक सुरू केले, आणि १९००च्या सुमारास त्यातून फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः मराठीत आणली. चंद्रावर उतरण्याचा मागोवा आपल्या मुलखातून घ्यायचा, तर सुरुवात या कृष्णाकाठच्या संपादकापासून करावी लागते.

व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ची. तीत फ्लोरिडातल्या प्रचंड तोफेतून तीन माणसे चंद्राकडे झेपावतात. पुढचा भाग १८७०मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात हे प्रवासी चंद्राभोवती फिरून परततात आणि प्रशांत महासागरात पडतात. चंद्रावर त्यांचे पाऊल लागत नाही. मात्र त्यांच्या गोळ्यात अग्निबाण ठेवलेले असतात, आणि ते असतात चंद्रावर आदळताना वेग कमी करण्यासाठी! पोहोचणे वेगळे आणि उतरणे वेगळे, ही जाण इतकी जुनी आहे. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे हवाई छत्रीचा उपयोग नाही. दुरून येणारी वस्तू सेकंदाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने तिथे आदळते. हा सारा वेग इंजिनाच्या उलट्या झोताने मारायचा, तर त्याचे इंधन पृथ्वीवरूनच वाहून न्यायला हवे. त्सिओल्कोव्हस्कीने १९०३मध्ये अग्निबाणाचे गणित मांडले, तेव्हा या ओझ्याची खरी किंमत कळली: उतरण्यासाठी लागणाऱ्या प्रत्येक किलोमागे उड्डाणाच्या वेळी कितीतरी किलो वाढतात.

या अडचणीतून वाट काढणाऱ्या माणसाची कहाणी मला या साऱ्या इतिहासात सर्वांत चटका लावणारी वाटते. रशियन यादवी युद्धात पांढऱ्या सैन्यात राहिलेला अलेक्सांद्र शार्गेई जीव वाचवण्यासाठी युरी कोंद्रात्युक नावाच्या मृत माणसाच्या कागदपत्रांवर जगू लागला. त्याने १९२९ साली नोव्होसिबिर्स्कमध्ये पदरमोड करून एक छोटे पुस्तक छापले, प्रती दोन हजार. त्यात त्याने सुचवले, की सगळे यान खाली उतरवूच नये. मोठे यान चंद्राभोवती फिरत ठेवावे, लहान यान तेवढे उतरवावे आणि त्यानेच परत वर यावे. दुसऱ्या महायुद्धात कोंद्रात्युक मारला गेला. पुढे १९६१मध्ये अमेरिकेत जॉन हूबोल्ट नावाचा अभियंता हीच योजना घेऊन वरिष्ठांच्या मागे लागला. त्याची हेटाळणीही झाली. अधिकाराची उतरंड ओलांडून त्याने थेट वरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले, आणि जुलै १९६२मध्ये नासाने ही पद्धत स्वीकारली.

दरम्यान, यंत्रे चंद्राकडे निघाली होती. सप्टेंबर १९५९मध्ये सोव्हिएत ‘लूना २’ चंद्रावर आदळले. मानवनिर्मित वस्तूने दुसऱ्या गोलाला केलेला तो पहिला स्पर्श. अमेरिकेची ‘रेंजर’ मालिका मुद्दाम आदळण्यासाठीच होती. सलग सहा अपयशांनंतर ३१ जुलै १९६४ रोजी ‘रेंजर ७’ने शेवटच्या क्षणापर्यंत ४,३०८ छायाचित्रे पाठवली. तरीही मोठी शंका उरलीच. चंद्रावर धुळीचा जाड थर असून त्यात यान बुडेल, असा इशारा थॉमस गोल्डसारखे खगोलशास्त्रज्ञ देत होते. पाय टेकल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नव्हते. ते ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मिळाले. ‘लूना ९’ची सुमारे शंभर किलोची कुपी हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली होती. ती वादळांच्या महासागरात पडली, उसळली, स्थिरावली आणि पाकळ्यांसारखी उघडली. चंद्राची जमीन भार पेलते, हे सिद्ध झाले. सोव्हिएत मोहिमांचा शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह मात्र हे पाहू शकला नाही. तीन आठवड्यांपूर्वीच, १४ जानेवारीला, तो गेला होता. चार महिन्यांनी, २ जूनला, अमेरिकेचे ‘सर्व्हेयर १’ इंजिनाच्या झोतावर तोल सांभाळत तीन पायांवर उतरले. आजचे लँडर याच पद्धतीचे वारसदार आहेत.

आता आपण २१ जुलै १९६९च्या मिरजेत येऊ. भारतीय वेळेनुसार रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी अपोलो ११चे लहान यान ‘ईगल’ शांतिसागरात उतरले. संगणक धोक्याच्या सूचना देत होता, समोर मोठ्या धोंड्यांनी भरलेले विवर होते आणि इंधन संपत आले होते. नील आर्मस्ट्राँगने सुकाणू हाती घेऊन यान पुढे नेले. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी त्याचे पाऊल चंद्रावर पडले. शुद्ध पक्षातला तो चंद्र मिरजेत आदल्या रात्री बारापूर्वीच मावळला होता आणि सोमवारी दुपारच्या सुमारास उगवायचा होता. या दोन्ही क्षणी तो इथल्या आकाशात नव्हता. दूरचित्रवाणीही नव्हती. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला, तेव्हा अपोलोची एकच मोहीम उरली होती. म्हणून आपल्या भागाला माणसाचे चंद्रावतरण कळले ते रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून. आकाशवाणीचे सांगली केंद्र तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. त्याच दिवशी सोव्हिएत ‘लूना १५’ चंद्रावर आदळून नष्ट झाले, ही गोष्ट मात्र फारशी कुणाला आठवत नाही. माणसे तिथे असतानाच एक यंत्र उतरू पाहत होते आणि चुकले.

जगाच्या दौऱ्यावर निघालेले अपोलो ११चे तिघेही वीर ऑक्टोबर १९६९च्या अखेरीस मुंबईत आले, लोकांनी त्यांना प्रचंड गर्दी करून पाहिले. पण त्याहून खोल नाते जुळले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोने आणलेल्या नमुन्यांतील खनिजकणांत विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा तपासल्या. भारताचे यान निघण्याच्या कितीतरी आधी चंद्राची माती अशी इथल्या सूक्ष्मदर्शकाखाली आली होती.

अपोलो १७नंतर माणूस तिथे उतरला नाही. १९७६च्या ‘लूना २४’नंतर तर ३७ वर्षे कोणतेही यान हळुवार उतरले नाही, डिसेंबर २०१३मध्ये चीनने ती विद्या पुन्हा हाती घेतली. आपले पहिले यंत्र त्याआधी, १४ नोव्हेंबर २००८ रोजी, चांद्रयान-१पासून सुटून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळले, लूना २ आणि रेंजरच्याच वाटेने. ७ सप्टेंबर २०१९ला आपला पहिला लँडर ‘विक्रम’ शेवटच्या टप्प्यात वेग आटोक्यात न आल्याने कोसळला. पुढच्या विक्रमची पाच इंजिने चार केली, पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढवले. त्याला नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या घन-इंधन बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडले होते. ज्या वालचंद हिराचंदांनी ते गाव वसवले, त्यांचेच नाव सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय मिरवते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, आणि या वेळी जवळजवळ अर्धा चंद्र मिरजेच्या आकाशात होता. ढगांनी वाव दिला असेल त्याला तो उघड्या डोळ्यांनी दिसला असेल.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-४ला मान्यता दिली. चंद्रावरून माती आणण्याची ही मोहीम आहे. तिच्या आराखड्यात मोठे यान चंद्राभोवती फिरत राहते, लहान यान खाली उतरते आणि त्याचा एक भाग माती घेऊन वर येऊन मोठ्या यानाला जोडला जातो. जोडणीची पहिली तालीम इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी पृथ्वीच्या कक्षेत यशस्वी केली. शार्गेईने परक्या नावाने छापलेल्या त्या पुस्तकाला तेव्हा ९६ वर्षे होत होती.